अमेरिकेत सायन्समध्ये पीएचडीला अप्लाय करायचंय? दिवाळीची वाट बघू नका

दरवर्षी दिवाळीच्या आसपास मला मेसेज यायला लागतात, "ताई, अमेरिकेत पीएचडीला अप्लाय करायचंय, काय काय लागतं गं?" आणि दरवर्षी मी त्याच त्याच व्हॉइस नोट पाठवत बसते, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढतेय. मी सांगलीतून बीएस्सी, पुण्यातून एमएस्सी आणि आता अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीच्या पीएचडीच्या पाचव्या वर्षाला आहे. त्यामुळे हे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सवाल्यांना जास्त लागू पडेल. एमएसचं (मास्टर्स डिग्रीचं) गणित पूर्ण वेगळं असतं, त्यासाठी हे वाचू नका.

आता दिवाळीचं का म्हणते, तर बहुतेक डेडलाईन १ ते १५ डिसेंबरमध्ये असतात, आणि दिवाळीत आपले सर-मॅडम सुट्टीवर, ऑफिसं बंद, सुट्टीनंतर लगेच पेपर आणि पेपर तपासणी. म्हणजे ज्यांच्याकडून शिफारसपत्रं पाहिजेत तेच सगळे गायब. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टला जायचं असेल तर या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये कामाला लागायचं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

"ॲडमिशन" हा शब्दच आपल्याला फसवतो. आपल्याकडे ॲडमिशन म्हणजे मेरिट लिस्ट, कट-ऑफ, पहिली फेरी दुसरी फेरी. अमेरिकेतली सायन्सची पीएचडी ही जवळजवळ नोकरी आहे, ट्यूशन फी माफ असते, वर स्टायपेंड मिळतो, ढोबळमानाने वर्षाला ३० ते ४५ हजार डॉलर, त्या बदल्यात तुम्ही टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून शिकवता किंवा आरए (रिसर्च असिस्टंट) म्हणून लॅबमध्ये काम करता. पाच-साडेपाच-सहा वर्षं. त्यामुळे सायन्समध्ये स्वतःच्या पैशाने पीएचडी करायला कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

मग अर्ज वाचणाऱ्या प्रोफेसर लोकांना काय बघायचं असतं? ही बाई पाच-सहा वर्षं लॅबमध्ये टिकेल का आणि प्रयोग फसला की ही काय करते. बस. तुमचा सीजीपीए ८.९ की ९.२ याने फार फरक पडत नाही, एका पातळीच्या वर असला की झालं. एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध), पत्रं, इंटरव्ह्यू, सगळीकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यात येतो.

अजून एक कडू सत्य. बायोलॉजीमध्ये बऱ्याच विद्यापीठांना एनआयएचकडून (आरोग्य-संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारी संस्था) ट्रेनिंग ग्रँट मिळते आणि तो पैसा फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांवरच खर्च करता येतो. एनएसएफची (विज्ञान-संशोधनाला पैसा देणारी दुसरी सरकारी संस्था) मोठी फेलोशिपही तशीच. म्हणजे आपल्यासाठी विभागाला पैसा दुसरीकडून उभा करावा लागतो, म्हणून आपल्या वाट्याच्या जागा मुळातच कमी. त्यात २०२५ मध्ये तिकडच्या सरकारने संशोधनाच्या पैशाला कात्री लावल्यावर अनेक विभागांनी जागा घटवल्या, काहींनी तर दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. रिजेक्ट आलं म्हणजे आपण ढ आहोत असं नसतं.

यादी कशी करायची

रँकिंगच्या याद्या बंद करा. तुमच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जे पेपर वाचले असतील ते काढा, त्यात ज्यांची लॅब होती त्यांची नावं लिहा, त्यांच्या वेबसाईटवर जा, गेल्या तीन वर्षांत काय छापलंय, लॅबमध्ये आत्ता विद्यार्थी आहेत की सगळे पोस्टडॉक (पीएचडी झालेले संशोधक) आहेत ते बघा. मग एक गोष्ट करा जी आपली मुलं कधीच करत नाहीत: एनआयएच रिपोर्टर नावाची साईट आहे आणि एनएसएफचा अवॉर्ड सर्च आहे, दोन्ही सगळ्यांना उघड्या, प्रोफेसरचं नाव टाकलं की त्यांच्याकडे कुठली ग्रँट आहे आणि ती कधी संपतेय ते दिसतं. ग्रँट पुढच्या वर्षी संपणार असेल आणि दुसरी काही दिसत नसेल तर त्यांच्याकडे नवीन विद्यार्थ्याला पगार कुठून देणार?

एका विद्यापीठात किमान तीन प्रोफेसर असे पाहिजेत की ज्यांच्याकडे तुम्ही खुशीने काम कराल. मी पहिल्या वर्षी एका ठिकाणी फक्त एकाच माणसासाठी अर्ज केला होता, पूर्ण एसओपी त्यांच्यावर, आणि नंतर कळलं की ते उन्हाळ्यातच दुसऱ्या विद्यापीठात गेले होते. ९० डॉलर पाण्यात, आणि वाचणारे हसले असतील ते वेगळंच.

किती ठिकाणी करायचं? मी म्हणेन आठ ते दहा. अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते, म्हणजे आठ ठिकाणांचे नुसत्या फीचेच ६०-७० हजार रुपये होतात, घरी हे आधीच सांगून ठेवा. फी माफ होते का हे विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मेल करून विचारा, परदेशी विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात पण काही विभाग त्यांच्या ऑनलाईन माहितीसत्राला हजर राहिलात तर देतात. फी भरायच्या आधी विचारायचं, भरल्यावर परत मिळत नाही.

पात्रतेचं एक. तीन वर्षांच्या नुसत्या बीएस्सीवर बऱ्याच ठिकाणी अडवतात, कारण त्यांची डिग्री चार वर्षांची. एमएस्सी झाली असेल किंवा शेवटच्या वर्षाला असाल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

परीक्षा

बायोलॉजी आणि केमिस्ट्रीच्या कितीतरी विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा काढून टाकलीय, प्रत्येक विभागाच्या पानावर जाऊन बघा, विद्यापीठाच्या मुख्य पानावर विश्वास ठेवू नका. फिजिक्सवाल्यांनी सब्जेक्ट जीआरईचं वेगळं बघायचं. "ऑप्शनल" लिहिलं असेल आणि तुमचं कॉलेज फारसं माहितीतलं नसेल तर चांगला स्कोर उपयोगी पडतो, सुमार असेल तर पाठवू नका. टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र बहुतेक ठिकाणी लागते, आणि टीए म्हणून शिकवायचं असल्यामुळे स्पीकिंगचा आकडा वेगळा बघतात. टोफेल दोन वर्षं चालतो, जीआरई पाच. परीक्षा सप्टेंबरपर्यंत उरका.

नावाचा घोळ

हे कुठल्याच कन्सल्टन्सीवाल्याने मला सांगितलं नव्हतं. आपल्या मार्कशीटवर नाव कसं असतं? आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर आईचं नाव त्या ओळीत नसतं, आणि बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर "गिव्हन नेम"मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. अर्ज, टोफेल, पुढे आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म), व्हिसा, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच टाकायचं. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, नाहीतर व्हिसावर तुमच्या नावाच्या जागी "एफएनयू" छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, आणि मग बँकेपासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत सगळीकडे समजावत बसा.

मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट

अर्ज करताना बहुतेक ठिकाणी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटचे स्कॅन अपलोड केले की भागतं, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट सिलेक्शन झाल्यावर मागतात. मार्कशीटच्या मागच्या बाजूला ग्रेडिंगचा तक्ता असतो, तोही स्कॅन करा, नाहीतर त्यांना तुमचा "ओ" ग्रेड म्हणजे शून्य वाटायचा. सीजीपीए दहापैकी आहे तर दहापैकीच लिहा, चारच्या स्केलवर स्वतःच्या मनाने बदलायचा नाही.

ट्रान्सक्रिप्टसाठी मात्र तीन महिने धरा. माझ्या वेळी विद्यापीठातल्या खिडकीवर सांगितलं आठ दिवसांत या, आठ दिवसांनी सांगितलं चलनाची दुसरी प्रत कुठंय, ती आणली तर सही करणारे साहेब ट्रेनिंगला. तीन चकरा झाल्यावर पाकीट मिळालं आणि फ्लॅपवर शिक्काच नव्हता, मग परत रांग. पाकिटं एकदम पाच-सहा करून घ्या, आणि खिडकी सोडायच्या आधी प्रत्येक पाकिटाचा फ्लॅप उलटून शिक्का बघा.

एटीकेटी लागली होती? लागली तर लागली. एसओपीत एक ओळ, कारण काय आणि पुढे काय केलं, संपलं. पान पान रडगाणं नको.

तीन पत्रं

अर्जात सगळ्यात जास्त वजन याला आहे आणि आपण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच घालतो. एचओडी सरांचं पत्र घ्यायचं कारण ते एचओडी आहेत, ही आपली सवय. पण त्यांनी तुम्हाला लॅबमध्ये कधी बघितलेलंच नसेल तर ते लिहिणार काय? "विद्यार्थिनी हुशार, आज्ञाधारक आणि नियमित आहे." आज्ञाधारक! तिकडे वाचणाऱ्याला हे वाचून काळजीच वाटते. त्यापेक्षा ज्यांच्या हाताखाली सहा महिने काम केलं ते साधे असिस्टंट प्रोफेसर चालतील. म्हणूनच एमएस्सी करताना उन्हाळ्यात कुठेतरी बाहेर काम करा, तिन्ही सायन्स अकॅडमींची मिळून समर फेलोशिप असते, टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, आयुकाचा विद्यार्थी कार्यक्रम, आयसर किंवा एनसीएलमध्ये मेल करून मिळणारं प्रोजेक्ट. त्यातून दुसरं पत्र उभं राहतं.

आता तो प्रसिद्ध डायलॉग: "तूच लिहून आण, मी सही करतो." करू नका. एकतर ते बरोबर नाही, आणि दुसरं म्हणजे तीन पत्रं एकाच माणसाच्या भाषेत आली की लगेच कळतं. यावर मी केलेला उपाय असा, की सरांना एक पान दिलं, त्यात मी त्यांच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होते, काय काम केलं, काय फसलं, मी स्वतःहून काय सुचवलं, ग्रुप मीटिंगमध्ये काय सादर केलं, सगळं तारखांसकट. सर म्हणाले, "अरे हो, ते विसरलोच होतो मी", आणि बसून स्वतःच लिहिलं.

पत्र मागायचं ते सप्टेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीआधी. मेल आयडी संस्थेचा पाहिजे, जीमेलवरून आलेल्या पत्राकडे संशयाने बघतात, सरांकडे संस्थेचा आयडी नसेल तर कॉलेजच्या ऑफिसला सांगून तयार करून घ्या. अर्जात "मी हे पत्र बघण्याचा हक्क सोडते का" असं विचारतात, तिथे हो म्हणायचं. लिंक हमखास स्पॅममध्ये जाते, म्हणून अर्जात नाव टाकल्या टाकल्या सरांना व्हॉट्सॲप करा, मग तीन आठवडे आधी एकदा आणि आठवडाभर आधी एकदा. लाजायचं नाही. सर रागावत नाहीत, उलट म्हणतात बरं झालं आठवण केलीस.

एसओपी

दोन पानं. त्यात "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड", कलाम सरांचं वाक्य, "मी अत्यंत मेहनती आहे" यातलं काहीही नको. मग काय? एका ज्युनिअरचं उदाहरण देते, तिला विचारूनच लिहितेय. तिने पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं की एमएस्सी प्रोजेक्टमध्ये मी पीसीआर, क्लोनिंग, एसडीएस-पेज अशी अनेक तंत्रं शिकले आणि त्यातून माझा आत्मविश्वास वाढला. मी तिला फोन केला. (पुढे पेलेट म्हणजे न विरघळलेला गाळ, आयपीटीजी म्हणजे बॅक्टेरियाला प्रोटीन बनवायला लावणारं रसायन, आणि एमबीपी म्हणजे प्रोटीन विरघळलेलं राहावं म्हणून त्याला जोडायचा तुकडा.)

"प्रोटीन मिळालं का शेवटी?"

"नाही ना ताई, पहिले दोन महिने सगळं पेलेटमध्येच जात होतं."

"मग?"

"मग ३७ डिग्रीवरून १८ वर आणलं, आयपीटीजी १ मिलिमोलरवरून ०.१ वर, रात्रभर ठेवलं, तरी अगदी थोडं यायचं. मग मी सरांना म्हटलं आपण एमबीपीचा टॅग लावून बघू का, परत क्लोन केलं, तेव्हा कुठे जेलवर नीट बँड दिसला."

"अगं मग हे लिही की!"

"पण ते तर फसलेलं होतं ना."

इथेच सगळी गोची आहे. जर्नल लिहिताना, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत, आपल्याला फसलेलं लपवायची सवय लागलेली असते, रीडिंग जुळवायची सवय असते. एसओपीमध्ये नेमकं तेच पाहिजे: प्रश्न काय होता, काय फसलं, तुम्ही स्वतः काय ठरवलं, आकडे काय बदलले, शेवटी काय दिसलं. तंत्रांची यादी सीव्हीत आहेच. तिने तो एक परिच्छेद दहा ओळींचा केला आणि बाकीचं अर्धं पान उडवलं.

शेवटचा परिच्छेद प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा, तीन प्रोफेसर, आणि त्यांच्या कामातलं नेमकं काय तुम्हाला ओढतंय. नुसतं नाव बदलून चिकटवू नका, आणि चिकटवलंच तर दुसऱ्या विद्यापीठाचं नाव राहिलं नाही ना ते तीनदा बघा, मी दोन जणांचं पकडलंय. काही ठिकाणी, विशेषतः कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत, वेगळं पर्सनल स्टेटमेंट मागतात, घरची परिस्थिती, गावातून आलात, घरात पहिलेच पदवीधर, ते सगळं तिथे लिहायचं, एसओपीत नाही.

प्रोफेसरांना मेल करायचा का

युरोपात करावाच लागतो, कारण तिथे बऱ्याचदा जागा त्या प्रोफेसरच्या हातात असते. अमेरिकेत बायोलॉजीत पहिल्या वर्षी रोटेशन असतात, म्हणजे तीन-चार लॅबमध्ये काही आठवडे काम करून मग ठरतं, आणि निवड कमिटी करते, त्यामुळे मेलने सीट मिळत नाही. तरी "यावर्षी विद्यार्थी घेणार आहात का" एवढं विचारायला हरकत नाही. सात-आठ ओळी, तुम्ही काय केलंय, त्यांच्या कुठल्या कामाबद्दल प्रश्न आहे, सीव्ही जोडलेला. शंभर जणांना एकच मेल आणि वर "रिस्पेक्टेड सर", समोर बाई असली तरी, हे करू नका. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण, मग सोडून द्या.

इंटरव्ह्यू

जानेवारी-फेब्रुवारीत झूमवर. शिकागोत सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, घरात सांगून ठेवा, इन्व्हर्टर चार्ज ठेवा, मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. माझ्या इंटरव्ह्यूत शेजारच्या हॉलवर हळदीचा डीजे सुरू झाला होता, मी सरळ सांगितलं लग्न आहे, ते हसले आणि पुढे गेलो.

विचारतात काय? तुमच्याच प्रोजेक्टबद्दल, पण खोल. त्या ज्युनिअरला विचारलं, "एमबीपी कापून काढल्यावर प्रोटीन विरघळलेलं राहिलं का?" ती म्हणाली अर्धं खाली बसलं, आणि वेळ असता तर मी बफरमधलं मीठ बदलून बघितलं असतं. हे उत्तर ती पाठ करून गेली नव्हती, कारण ते तिने केलेलंच होतं. कंट्रोल कुठला होता, पुढचा प्रयोग काय केला असता, याची तयारी करा. माहीत नसेल तर "माहीत नाही, पण असं शोधेन" म्हणा. आणि तुम्हीही त्यांना विचारा, गेल्या काही वर्षांत किती जणांनी पीएचडी अर्धवट सोडली, पहिल्या वर्षानंतर पैसा कुठून येतो.

ऑफर आली

ऑफर लेटर नीट वाचा: स्टायपेंड ९ महिन्यांचा की १२, हेल्थ इन्शुरन्स त्यात आहे का, ट्यूशन माफ असली तरी "स्टुडंट फी" म्हणून वेगळे काही कापतात का, किती वर्षांची हमी आहे. मग त्या गावात एका खोलीचं भाडं किती ते बघा, बॉस्टनमधले ४५ हजार आणि आमच्या गावातले ३२ हजार यात आमच्याकडे जास्त उरतात. ग्रुपमधल्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी फोनवर बोला, मेलवर कोणी खरं लिहीत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी १५ एप्रिलचा करार मान्य केलेला आहे, त्याआधी स्टायपेंडवाल्या ऑफरवर हो-नाही सांगायची सक्ती ते करत नाहीत. कोणी घाई केली तर नम्रपणे त्या तारखेची आठवण करून द्या.

आणि सगळी अंडी एका टोपलीत नकोत. सीएसआयआर-नेट, गेट या आपल्याकडच्या परीक्षा देऊन ठेवा, जेआरएफ (देशात पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) महिना ३७ हजार रुपये आहे, देशात उत्तम लॅब आहेत.

व्हिसा

विद्यापीठ आय-२० पाठवतं, मग सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाईन फॉर्म, व्हिसाची फी १८५ डॉलर, बोटांचे ठसे एकीकडे आणि मुलाखत मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकेच्या वकिलातीत. आय-२० वर स्टायपेंड लिहिलेला असतो, त्यामुळे वडिलांच्या शेताचा सातबारा आणि सोन्याचं व्हॅल्युएशन घेऊन जायची गरज पीएचडीवाल्याला सहसा पडत नाही. आय-२० हातात आला की त्याच दिवशी स्लॉट बघा, २०२५ मध्ये मे-जूनमध्ये काही आठवडे नवीन स्लॉटच थांबले होते आणि कितीतरी जणांचे पाय पोटात गेले होते.

खिडकीवर संशोधन दोन वाक्यांत आणि साध्या भाषेत सांगता आलं पाहिजे, आजीला सांगाल तसं. सायन्सच्या काही विषयांत २२१(जी)ची चिठ्ठी देतात, म्हणजे कायमचा नकार नाही, जास्तीची चौकशी, काही आठवडे ते काही महिने. त्यासाठी सीव्ही, संशोधनाचा एक पानी सारांश आणि गाईडचं नाव-पत्ता फाईलमध्ये आधीच ठेवा, मागितलं की त्याच दिवशी मेल करता येतं. कोर्स सुरू व्हायच्या ३० दिवस आधीपर्यंतच अमेरिकेत शिरता येतं, तिकीट त्याप्रमाणे काढा.

शेवटचं पैशाचं. ऑगस्टमध्ये पोचलात तरी पहिला पगार बऱ्याचदा सप्टेंबरच्या शेवटी येतो, आणि घरमालक डिपॉझिट पहिल्याच दिवशी मागतो, म्हणून दोन-तीन हजार डॉलर हाताशी लागतात. त्यासाठी जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे, १८९२ पासून चालू आहे, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएचडीलाही असते. दोन्हींच्या अर्जांच्या तारखांवर लक्ष ठेवा. कुकर घेऊन या, तीन लिटरचा, शिट्टी आणि रिंग जास्तीची एक. इथे मिळतो पण महाग पडतो.